मधली जागा

मी आवाज विकते. तोक्योत कामाताच्या एका खोलीत, गाद्या ठेवायच्या कपाटात बसून. गाद्यांमुळे आवाज घुमत नाही. एसी बंद ठेवावा लागतो, नाहीतर घरघर येते. घामाघूम होऊन मी लाडीगोडीने विचारते, "आलास घरी? आज कुणाशी बोलणं झालं?" आणि कुठेतरी एकटा पडलेला माणूस कानात इअरफोन घालून ते ऐकतो. त्याच्या उत्तरासाठी मध्ये जागा सोडायची असते. ती नेमकी जमावी म्हणून मी त्याचं उत्तर मनातल्या मनात म्हणते.

अशा दर ऐकायच्या गोष्टीला नवं नाव घ्यायचं, ही आमच्या धंद्यातली रीत. माझी कितीतरी नावं झाली, त्यातलं एकही आईला सांगण्यासारखं नाही. ती गावाकडून, अकिताहून, फोनवर टोमणे मारते, "कपाटात बसून बडबडण्यापेक्षा आमच्या कोंबड्यांशी बोल. अंडी तरी देतील."

गोष्टी लिहिणं, जुळवणं, विकणं हा सगळा कुरेबायाशीसानचा एकखांबी तंबू. नव्या गोष्टीवर माझं खरं नाव घालायचं त्यांनी कबूल केलं होतं. ओदागिरी मिझुए. मला ते हवंच होतं, आईला दाखवायला.

मी आवाज मुद्रित करून पाठवला, तसा दुपारी त्यांचा फोन आला.

"ओदागिरीसान, घरी कुणी होतं का?"

"कोण असणार?"

"तुम्ही थांबता तिथे एक बाई उत्तर देतेय. गावाकडची वाटते."

मी पाठवलेलं मुद्रण लावून ऐकलं. आज कुणाशी बोलणं झालं, असं मी विचारत होते. त्यावर कुणीतरी अकिताच्या हेलात म्हणत होतं, "नाही गं. कुणाशीच नाही." आवाज माझा होता. तोक्योला येण्याआधी मी असंच बोलायचे.

मी घाबरले. पण त्याहून मोठी भीती होती ती नाव हातचं जाण्याची.

"तिचं बोलणं पुसून टाका," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं. त्यात विचारायचं काय?"

गोष्ट बाहेर पडली, माझ्या नावासकट. त्या दुपारी खालच्या दुकानात मी पुन्हा पुन्हा बटाट्याची तळलेली कोरोक्के मागितली. दुकानदारीण माझ्या मागच्या गिऱ्हाइकाशीच बोलत राहिली. मला राग आला, दुसरी कसली शंका आली नाही.

रविवारी आईचा फोन आला.

"मिझुए, नाव बघितलं गं. शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवलं."

"आई," मी म्हटलं.

"अगं, बोल की. काहीच ऐकू येत नाही."

"आई, बोलतेय मी."

"हॅलो?"

तेवढ्यात फोनमधूनच, अगदी माझ्या कानाशी, गोष्टीतला माझा तो गोड आवाज आला. "आई, जेवलीस का?"

आई हरखली. "किती छान बोलतेस गं. आधी नुसती वसकन अंगावर यायचीस."

ती मी नाही, म्हणून मी घसा फुटेस्तोवर ओरडले.

आईने कान दिला. "तुझ्याकडे कुणी आलंय का? कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय."

"कुणी नाही गं," तो गोड आवाज म्हणाला. "मी एकटीच राहते."