छत्तीस नंबरचा डबा

हे खरं घडलेलं आहे. शपथ घेत नाही, आयुष्यात खोट्या शपथा फार ऐकल्या आहेत मी. पण तो डबा अजून माझ्याकडे आहे. झाकणावर खिळ्याने कोरलेला ‘अ’ आहे, तो माझ्या हातचा. ज्याला बघायचा असेल त्याने यावं.

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणतात. ही भर दुपारी घडली, बाराच्या सुमाराला.

साथीचं वर्ष होतं. आमच्या इमारतीचं फाटक बाहेरून बंद करून त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते.

इमारत कामगारांची. तळमजला धरून चार मजले, एकेका मजल्यावर अठरा खोल्या. मधोमध जिना, दोन्ही बाजूंना लांब, अंधारी गॅलरी. एरवी कान किटतील इतका गलबला. त्या दिवसांत मात्र खालच्या नळाचं थेंबथेंब गळणं तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचं.

माझी धाकटी बहीण पहिल्या मजल्यावर, अगदी टोकाला राहायची. खोली नंबर छत्तीस.

आणि आमच्या दोघींचा छत्तीसचा आकडा. लोक यावरून खूप हसायचे.

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती, मी चौदा. मी दवाखान्यांच्या चादरी धुवायला धुलाईघरात लागले, म्हणून ती शाळेत गेली. टायपिस्ट झाली. मग एक दिवस नळावर कसल्याशा भांडणात तिने सगळ्यांदेखत मला ‘अंगठाबहाद्दर’ म्हटलं. बायका फिदीफिदी हसल्या.

त्या दिवसापासून बोलणं बंद. अकरा वर्षं. जिन्यात समोरासमोर आलो तर एक भिंतीकडे बघणार, दुसरी कठड्याकडे.

त्याच रागाने मी साठाव्या वर्षी पाटी हातात घेतली. धुलाईघरात बायकांसाठी वर्ग निघाला होता. पहिलं अक्षर आलं तेव्हा आनंदाने ते डब्यावरच कोरलं.

साथ आली. पहिल्याच आठवड्यात मला ताप चढला. दहा दिवस मी कुठे होते ते मला माहीत नाही. वाचले, पण डोक्यावरचे सगळे केस गळाले. फडकं बांधून फिरायला लागले.

तोवर बाहेरून काही येईनासं झालं होतं. कुणाचा फोन लागत नव्हता, लागला तर पलीकडचा माणूसच रडत होता. तेव्हा तळमजल्यावरच्या कंपाउंडरने लोकांना गोळा केलं. कंपाउंडर म्हणजे चाळीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली गोळ्या बांधलेला माणूस. ज्याच्या घरात जे असेल ते त्याने खाली आणायला लावलं. एकच मोठं पातेलं चढायचं. आजाऱ्यांसाठी पेज शिजायची. ज्याला मदत हवी त्याने वरून दोरीला चिठ्ठी बांधून सोडायची. आणि मी तापातून उठलेली, म्हणून डबे पोचवायचं काम माझ्याकडे.

“अक्का, चिठ्ठ्या मी वाचतो, तू फक्त पोचव,” कंपाउंडर म्हणाला.

“का? मला येतं वाचता.”

“येतं गं. पण तुझा चष्मा कुठाय?”

“तुझा नाकावर आहे, तरी काल पेजेत मिठाऐवजी साखर टाकलीस.”

सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या.

कंपाउंडरचा नियम कडक होता. आजारी मजल्यावर पाऊल टाकायचं नाही. जिन्याच्या तोंडाशी स्टूल ठेवलेलं असायचं. त्यावर खडूने खोलीचा नंबर लिहायचा, डबा ठेवायचा, कठड्यावर तीनदा चमचा वाजवायचा आणि खाली यायचं. रोग्याने आपला डबा न्यायचा, धुऊन परत ठेवायचा.

तेराव्या दिवशी एक चिठ्ठी आली. चांगलं वळणदार अक्षर होतं.

‘ताप आहे. उठवत नाही. जेवण पाठवा.’ आणि खाली आकडा.

मी बोट ठेवून वाचला. आधी तीन, मग सहा. तीन... साठ... त्रेसष्ट.

तिसऱ्या मजल्यावर त्रेसष्टमध्ये ऑपरेटरबाई राहायच्या. एकट्याच. टेलिफोन खात्यात उभी हयात गेलेली. इमारतीत एकच फोन होता तेव्हा कुणाचा निरोप कुणाला द्यायचा हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. कुणी चुकून दुसऱ्याचं दार वाजवलं तरी म्हणायच्या, “थांबा, जोडून देते.” पोरं त्यांची नक्कल करायची.

मला वाटलं, बाईंनाही गाठलं तापाने.

चिठ्ठीवरचा आकडा बघून मी तसाच्या तसा तिसऱ्या मजल्यावरच्या स्टुलावर उतरवला. माझा स्वतःचा डबा घेतला, तो ‘अ’वाला. तीनदा चमचा वाजवला.

आतल्या अंधारात कडी वाजली...

मग सपाता फरफटल्याचा आवाज. सावकाश. जिन्याच्या दिशेने.

मी खाली आले. दुसऱ्या दिवशी डबा स्टुलावर होता. घासलेला, कोरडा, पालथा.

असे सहा दिवस गेले. एक गोष्ट खटकली होती. बाकीच्या मजल्यांवर खोकल्याचा आवाज असायचा. इथे... नाही. ताप आलेलं माणूस खोकत कसं नाही?

तेवढं सोडलं तर माझ्या मनात दुसरंच चालू होतं. रोज मी चिठ्ठ्यांमध्ये छत्तीस शोधत होते. धाकटी काही मागत का नाही? मग स्वतःच म्हणायचे, उपाशी मरेल पण माझ्या हातचं खाणार नाही ती. तिच्या अलीकडच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. खालचे लोक समजून चालले होते की सख्खी बहीण आहे, अक्का बघतच असेल.

कुणीच बघत नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी बाराला मी वर डबा ठेवला, चमचा वाजवला आणि खाली येऊन पातेलं घासायला बसले. कंपाउंडर गोळ्या मोजत होता. सहज म्हणाला, “तिसऱ्या मजल्यावर कुणाला नेतेस गं? तिथे आता आहे कोण?”

“त्रेसष्टला. ऑपरेटरबाईंना.”

त्याचा हात थांबला.

“अक्का, त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले. तू तापात होतीस तेव्हाच गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप मीच घातलंय.”

“मग डबा कोण घेतं?”

“चिठ्ठी दाखव.”

कनवटीला होती. त्याने ती उजेडात धरली.

“हे त्रेसष्ट नाही. हे छत्तीस आहे.”

हातातली राख तशीच होती. मी पळाले. साठी उलटलेली बाई, तापाने पाय गेलेले, कशी पळाले मला सांगता येणार नाही. डोक्यात एकच. सहा दिवस. माझी धाकटी सहा दिवस उपाशी आहे. आई गेली त्या रात्री तिला पोटाशी धरून मी म्हटलं होतं, मी आहे ना.

आणि मला तीन आणि सहा वाचता आले नाहीत.

छत्तीसच्या दारावर मी दोन्ही हातांनी थापा मारल्या. “धाकटे. दार उघड. अगं मी आहे.”

आतून काही नाही.

मी कान लावला...

काही नाही.

मागून कंपाउंडर आला, वायरमन आला. वायरमन दुसऱ्या मजल्यावरचा, थट्टेखोर माणूस. त्या दिवशी न हसता सरळ दार तपासायला लागला. दाराला आतून कडी होती. त्याने स्क्रूड्रायव्हरने बिजागऱ्या काढल्या. एक स्क्रू गंजलेला, निघता निघेना. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. तो म्हणाला, “मार, अक्का. मार. पण हात हलवू नकोस माझा.”

दार निघालं.

धाकटी गादीवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले, छाती भात्यासारखी वरखाली. पण जिवंत होती. तिने मान वळवली. माझ्याकडे बघून कपाळाला आठी घातली.

“परत का आलीस? आत्ताच तर गेलीस.”

मला काही कळेना. मग उशाशी लक्ष गेलं...

माझा डबा.

झाकणावर ‘अ’. मी हात लावला. गरम होता.

अर्ध्या तासापूर्वी तो मी तिसऱ्या मजल्यावर ठेवला होता. आणि या दाराला आतून कडी होती.

कंपाउंडरने दाराची कडी पुन्हा तपासली. वायरमन माझ्याकडे, मग कंपाउंडरकडे बघत राहिला.

गाडीसाठी फोन केले. कुणी उचलेना. शेवटी एकाने उचलला, म्हणाला, संध्याकाळपर्यंत बघू. कंपाउंडर म्हणाला, संध्याकाळपर्यंत ही राहणार नाही. तेव्हा वायरमनने काढलेलं दारच आडवं केलं. तिला त्यावर निजवलं. खालून आणखी दोघे आले. चौघांनी खांदा दिला, आणि ‘खांदा’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. फाटकावरच्या शिपायाने एकदा आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता कुलूप काढलं.

मी तिचा हात धरून चालत होते. ती मधूनमधून बोलत होती.

“अक्के, इतका राग गं? डबा घेऊन यायचीस आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहायचीस. खाऊन होईपर्यंत. एकदासुद्धा वळली नाहीस.”

“वळायला हवं होतं,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

“शेवटी शेवटी मला उठवत नव्हतं. तूच आत येऊन ठेवायचीस. तुझे केस बघत पडायचे मी. मधोमध दबलेले... पट्टा घालून काढल्यासारखे.”

फडक्याखाली माझ्या डोक्यावर एक केस नव्हता.

पुढे खांदा दिलेल्या कंपाउंडरचं पाऊल चुकलं, दार हललं. चाळीस वर्षं डोक्यावरून पट्टा घेऊन कानाला टेलिफोन लावणाऱ्या ऑपरेटरबाईंच्या केसांवर तो पट्टा कसा उमटायचा, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“आणि एकदाच बोललीस,” धाकटी म्हणाली. “मी म्हटलं, माझ्या अक्काला बोलवा गं कुणीतरी. तर म्हणालीस, थांबा, जोडून देते. तेवढ्यातही थट्टा सुचली तुला.”

दवाखान्यात जागा नव्हती. एक कोवळी नर्स म्हणाली, “खाली निजवा, पण इथून हलू नका, मी बघते.” तीन दिवस तिने बघितलं. चौथ्या दिवशी ताप उतरला.

परत आल्यावर कंपाउंडर आणि मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. त्रेसष्टच्या कुलपावर धूळ होती. कडीला कोळ्याने जाळं केलं होतं. स्टूल जागेवर होतं. त्यावरचा माझा वेडावाकडा आकडा मात्र कुणीतरी वरून गिरवला होता. ठसठशीत. तीन. सहा. शिकणाऱ्याला समजावं तसा.

कंपाउंडरने तो बाहीने पुसला. म्हणाला, “कुणाला सांगू नकोस.” तो होता तोवर मी सांगितलं नाही. आता तोही नाही.

धाकटी माझ्याकडेच राहते. तापाने तिची नजर गेली. अंधूक दिसतं, आकार तेवढा कळतो. म्हणून हे ती वाचणार नाही, आणि म्हणूनच लिहिते आहे. ते सहा दिवस मी नव्हते हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आल्यागेल्याला ती कौतुकाने सांगते, अक्काने राग गिळला आणि मला जगवलं. मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, लाजते.

एक सवय तिला लागली आहे. मी शेगडीकडे तोंड करून उभी राहिले की ती मागून म्हणते, “वळ बघू, अक्के.” मी वळते. ती माझं तोंड निरखते, हुश्श करते आणि पुन्हा पडून राहते. दिवसातून दहा वेळा. मला राग येत नाही.

पण परवाची गोष्ट.

दुपारचे बारा वाजले असतील. खोलीत धाकटी एकटी होती. मी खाली नळावर डबा धूत होते. तो डबा हातात घेऊन जिना चढले. गॅलरीत आले आणि आमच्या दारातून आवाज आला...

“वळ बघू, अक्के.”

मी होते तिथेच थांबले.

“वळ ना. किती वेळ अशी पाठ करून उभी राहशील?”

मग आत सपाता फरफटल्या. एकदाच. कुणी जागच्या जागी फिरावं तशा.

आणि धाकटी गप्प झाली.

मी दार ढकललं. ती गादीवर बसली होती, शेगडीकडे बघत. तिथे कुणी नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने मान माझ्याकडे केली. मग हात पुढे करून माझ्या डोक्यावरून फिरवला. आखूड, पांढरे, नव्याने आलेले केस चाचपले. पुन्हा चाचपले.

काय दिसलं, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून ती मला वळ म्हणत नाही.