सहावी प्रतिज्ञा

प्रश्नचिन्ह उडालं आणि थेट त्याच्या छातीवर जाऊन आदळलं.

चांगलं तीन फुटी होतं, थर्माकोलचं, लाल चकाकी लावलेलं. जानेवारीतल्या त्या दुपारी लोणावळ्याच्या बाजारात असा काही वारा सुटला, की माझ्या स्कूटीवर बांधलेली सगळी अक्षरं मोकळी झाली. ‘माझ्याशी लग्न करशील?’ एवढं वाक्य घेऊन मी भुशीकडच्या एका बंगल्यावर निघाले होते. ‘लग्न’ मी कसंबसं पायाखाली दाबलं, ‘करशील’ गटारात जाता जाता वाचलं, आणि प्रश्नचिन्ह मात्र रस्त्यापलीकडे चहा पीत उभ्या असलेल्या एका उंच मुलाला चिकटलं. त्याचा सगळा चहा शर्टावर.

“हे तुमचं?” चिन्ह दोन्ही हातांत धरून त्यानं विचारलं.

“हो... सॉरी हं, खरंच सॉरी.”

“ते राहू द्या. पण विचारतंय कोण? आणि कुणाला?”

“गिऱ्हाईक. त्याच्या मैत्रिणीला. मी फक्त सजावट करते.”

“मग एवढं एक नसलं तर चालेल की.”

“कसं चालेल? हे नसलं तर तो प्रश्न राहत नाही, हुकूम होतो.”

तो हसला. हसताना डोळे बारीक व्हायचे त्याचे... अजूनही होतात. “हुकूम नको,” तो म्हणाला. “पण एवढं सगळं एकटीनं न्यायला गेलात तर वाक्य पुढच्या वळणापर्यंतसुद्धा टिकायचं नाही. मी मागे बसून धरतो. गौरव नाव माझं. चोर नाही.”

आता, मी जन्माची भित्री. कुत्र्याला भिते, लिफ्टला भिते, गॅस बंद करून निघाले तरी अर्ध्या वाटेतून परत येऊन बघते. अनोळखी मुलाला स्कूटीवर घेणं तर माझ्या सात जन्मांत बसत नव्हतं. तरी त्या दिवशी मी म्हणाले, “बसा.” का म्हणाले, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर तो येतच राहिला. मी रेणुकाताईंकडे कामाला होते. कमी खर्चातले छोटे समारंभ करून देणं हा त्यांचा धंदा. लग्नाची मागणी, डोहाळजेवण, कुणाच्या आईवडिलांच्या लग्नाची पंचविशी, वीस माणसांतलं लग्न. गौरव सुट्टीच्या दिवशी यायचा आणि फुगे फुगवत बसायचा. “शिफ्ट असते माझी,” एवढंच सांगायचा. मला वाटलं, असेल टाकव्याच्या एखाद्या कंपनीत.

“ज्योत्स्ना, तू रोज दुसऱ्यांची लग्नं सजवतेस,” एकदा फुग्याला गाठ मारता मारता तो म्हणाला. “कधी असं वाटत नाही, की...”

“की काय?”

“की या फुग्याची गाठ सुटतेय, जरा बोट ठेव.”

मी बोट ठेवलं. त्यानं गाठ मारायला नको तितका वेळ लावला. मी ते बोट तिथून काढलं नाही, हेही सांगून टाकते.

मार्चमध्ये लोहगडवाडीत एका जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस होता. आम्ही दोघं अंगणात दिव्यांच्या माळा लावत होतो. खाली दूर मळवलीकडून गाडीचा भोंगा ऐकू आला आणि तो एकदम खुलून म्हणाला, “मीही असलाच एक भोंगेवाला. घाट चढताना गाडीला मागून इंजिन लावतात ना? कर्जत ते लोणावळा. त्या इंजिनावर असिस्टंट आहे मी. बाराशे माणसं पुढे आरामात बसलेली असतात आणि आम्ही मागून ढकलत असतो. कुणाला पत्ताही नसतो.”

माझ्या हातातली माळ गळून पडली.

माझे बाबा घाटात होते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात डोंगराचे सैल दगड पाडणारी जी टोळी असते, तिच्यात. मी नववीत असताना जुलैमध्ये दरड आली. संध्याकाळी बाबांचा डबा घरी आला, बाबा आले नाहीत. तेव्हापासून घाट हा शब्दसुद्धा आम्ही घरात जपून वापरतो.

मी आठ दिवस त्याचा फोन उचलला नाही. नवव्या दिवशी तो कान्हे गावातल्या आमच्या घरी दारात उभा. आई, तिचं नाव हिरा, लसूण सोलत बसली होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“घाटातला हाय व्हय?”

“हो मावशी.”

“मग बस. च्या टाकते.”

आई आत गेली. मी भिंतीला टेकून उभी.

“मी दगडाखाली नसतो गं,” तो हळूच म्हणाला. “इंजिनात असतो.”

“आणि इंजिन बोगद्यात असतं. फोन लागत नाही.”

“तासभराचा तर प्रश्न आहे.”

“त्या तासाचं मी काय करू, गौरव?”

त्यानं आईची लसणाची परडी पुढे ओढली. एकेक पाकळी सोलत बसला... आणि मी, एवढी भेदरलेली असूनही, मनात म्हणत होते की जाऊ नकोस.

भीती तशीच राहिली, तरी लग्न ठरलं. दोन्ही घरं आमच्याच समाजातली, बुद्धवंदना घेऊन साधं लग्न करायचं यावर कुणाचं दुमत नव्हतं. वरात नाही, बँड नाही, आहेर नाही. निमंत्रणं फोनवर. पुरी, मटकीची उसळ, मसालेभात आणि बुंदी. कापडं रेणुकाताईंच्या गोदामातली, मीच इस्त्री केलेली. प्री-वेडिंग फोटो इंजिनासमोर काढू, असं तो म्हणाला तेव्हा मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही, एवढंच काय ते भांडण.

तारीख मी काढली. कामशेतचं कार्यालय आषाढात रिकामं पडून असतं आणि पवनेकडचे जरबेरावाले आषाढात फुलं अक्षरशः वाटून टाकतात, कारण कुणाकडेच लग्नं नसतात. “आषाढात लग्न? मुहूर्त नाही हो,” कार्यालयाचे मालक म्हणाले. मी ऐटीत सांगितलं, “आम्हाला मुहूर्त लागत नाही.” जुलैमधला बुधवार अर्ध्या भाड्यात मिळाला. पांढऱ्या जरबेराच्या टोपल्या ठरल्या. मी स्वतःवर इतकी खूश होते, की काय सांगू!

रजेचा अर्ज टाकायला गेल्यावर गौरवचा फोन आला. “ज्योत्स्ना... मुहूर्त बघितला नाहीस ते ठीक. पाऊस तरी बघायचास!”

ऐन जुलै. घाटातल्या कुठल्याच माणसाला रजा मिळत नाही तो महिना. घाटात बाप गेलेल्या मुलीनं जगातल्या सगळ्या तारखा सोडून नेमकी तीच निवडली होती. मोठ्या मिनतवारीनं त्याला लग्नाचा दिवस आणि दुसरा दिवस मिळाला. आदल्या रात्रीची ड्युटी मात्र होतीच. सकाळी सहाला सुटणार, अकराला लग्न.

त्या दिवसापासून मी धड जेवले नाही. आणि मग, भिऊन, मी ते केलं.

आमच्या लग्नात नवरा-नवरी सगळ्यांसमोर पाच-पाच प्रतिज्ञा घेतात. बौद्धाचार्य एकेक वाक्य सांगतात, आपण मागून म्हणायचं. त्या प्रतिज्ञांचा कागद मीच छापणार होते. नवऱ्याच्या पाचव्या प्रतिज्ञेखाली मी सहावी टाकली: ‘मी घाटातली ड्युटी सोडून बदली मागून घेईन.’

आमचे बौद्धाचार्य निवृत्तीकाका चष्मा वर करून म्हणाले, “ही सहावी कुटनं आली गं?”

“मी घातली.”

“घाल बापडे. पन पोराला आदी इचार. तितं बोललेलं मागं घेता येत न्हाई.”

मी विचारलं. कार्यालयात पडद्यांची मापं घेत होतो आम्ही. त्यानं कागद दोनदा वाचला, घडी घातली.

“मी तिथे खोटं बोलणार नाही,” तो म्हणाला.

“मग खरं बोल. बदली घे.”

“मला ते काम आवडतं गं.”

“आणि मी?”

“तू तर...” त्यानं घडी पुन्हा उलगडली. “असं नको ना विचारू. ज्या दिवशी बोलेन त्या दिवशी पाळीन, एवढं तुला माहीत आहे. म्हणून मला विचार करू दे. काय ते तिथेच सांगेन.”

“आणि नाही बोललास तर?”

“तर तू ठरव. मी तर माळ घेऊन उभाच असेन.”

टेपचं एक टोक त्याच्या हातात होतं, एक माझ्या. दोघांनीही सोडलं नाही, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

बुधवारी सकाळी पाऊस असा कोसळत होता, की कार्यालयाच्या पत्र्यावर माणसाचं बोलणं ऐकू येईना. पांढरी साडी नेसून मी खुर्चीत बसले होते. साडेसात वाजता कुणाच्या तरी मोबाईलवर आलं: घाटात दरड, गाड्या अडकल्या.

गौरवचा फोन बंद. आठ वाजता बंद. नऊ वाजता बंद. रेणुकाताई टेम्पो घेऊन लोणावळा स्टेशनवर गेल्या. गौरवचे आईवडील पुढच्या रांगेत हात धरून बसले होते. अकरा वाजून गेले. आचारी दारात डोकावून परत गेला. बायका माझ्याकडे बघत आणि नजर वळवत... ती नजर मी ओळखत होते. नववीत असताना आमच्या अंगणात हीच नजर होती.

आई माझ्याजवळ येऊन बसली.

“आई, मी त्याला सोड म्हणाले होते. नोकरी. ऐकायला हवं होतं त्यानं.”

“तुज्या बाबांनी ऐकलं हुतं,” आई म्हणाली.

मी चमकून बघितलं.

“तू लहान हुतीस. मी लय भ्यायची. रोज भांडायची. सोडली त्यांनी नोकरी, सा महिनं घरी बसलं. बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई. सुकाया लागला माणूस. मग मीच म्हणले, जावा वो कामावर.”

“म्हणजे... तू पाठवलंस?”

“व्हय.”

“आणि ते गेल्यावर? तुला वाटलं नाही कधी...”

“वाटतं की. अजून वाटतं.” आईनं माझ्या साडीची निरी नीट केली. “पन घरात बसून सुकल्याला बी मीच बगितला आसता.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या मात्र थांबेना. इतकी वर्षं मला वाटत होतं की घरात भिणारी मी एकटीच आहे.

एकच्या सुमारास दारात टेम्पो थांबला. आधी एक भिजलेली, पदर खोचलेली बाई तणतणत आत आली. गौरवची कल्याणची मावशी, रतनबाई.

“दोन बोगद्यांच्या मधी पाच तास बसवलं आमाला! फुडं दगुड, मागं दगुड. पोरं रडत्यात, बाया देवाचं नाव घेत्यात. आन मागच्या इंजिनावरचा ह्यो बाबा,” तिनं मागे बोट केलं, “हातात बत्ती घिऊन डब्याडब्यातनं फिरतोय, घाबरू नका म्हनून! मी म्हणलं, आरं गौऱ्या, तुजं लगीन हाय न्हवं आज? तर म्हणतो, मावशी, तुमाला वर पोचवल्याबिगर कसा जाऊ!”

तिच्या मागे तो. गणवेश चिखलानं भरलेला, डोळे लाल. माझ्याकडे बघून त्यानं हसायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही. तेव्हा मला कळलं, की तोही भ्याला होता. कदाचित रोज भीत असेल.

“उशीर झाला,” तो म्हणाला.

“दिसतंय,” मी म्हणाले.

त्यानं पांढरा सदरा चढवला. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. निवृत्तीकाकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. सन्मानाची प्रतिज्ञा, अपमान न करण्याची, विश्वास न मोडण्याची... गौरवचा आवाज बसला होता, तरी त्यानं पाचही स्पष्ट म्हटल्या. मग काका थांबले. चष्म्यावरून त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. गौरवनं खोल श्वास घेतला. त्याचा चेहरा एकदम शांत झाला, काहीतरी खाली ठेवून मोकळ्या झालेल्या माणसाचा असतो तसा. त्यानं तोंड उघडलं—

“थांबा काका,” मी म्हणाले. “सहावी माझी आहे.”

मी सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले.

“मी भित्री आहे. मी रोज भिणार आहे, याचा फोन लागेपर्यंत. पण माझ्या भीतीपायी याला याचं काम सोडायला लावणार नाही. ही माझी प्रतिज्ञा.”

निवृत्तीकाकांनी खिशातला पेन काढून कागदावरच्या सहाव्या ओळीवर एक रेघ मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “साधू!” मागून सगळे म्हणाले, “साधू, साधू!” आईनं पदर तोंडाला लावला.

माळ घालताना गौरव वाकला. पत्र्यावरच्या पावसात फक्त मला ऐकू यावं इतक्या हळू बोलला.

“मी म्हणणार होतो, ज्योत्स्ना. बदली घेतो म्हणून. खरंच म्हणणार होतो.”

“माहीत आहे मला,” मी म्हणाले. “म्हणून तर आधी बोलले.”