खुळ्यानेच पत्ते वाटायचे

त्या गुरुवारी मी क्लबमध्ये गेले ती तळण तळायला. रेल्वेवाल्यांच्या जुन्या क्लबची राखण करणारी क्लावामावशी सकाळीच म्हणाली होती, "शायिर, पत्त्यांच्या स्पर्धेला माणसं येतील, बोरसोक तूच तळ बाई. माझ्या हातचे चामड्यासारखे होतात." बोरसोक म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे. मी पीठ मळलं, तेलाचा डबा काखेत मारला आणि निघाले. उलान वारा सुटला होता. आमच्या बालिकची गावात हा वारा सुटला की कुत्रीसुद्धा भिंतीला पाठ लावून बसतात.

गुरुवारी आमच्यात तेल तापवतात. तापल्या तेलाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो, तेवढंच त्याचं जेवण. पहिला तुकडा कढईत सोडताना त्याचं नाव घ्यायचं, अमक्याला हे पोचो म्हणायचं, की झालं. घरी चूल पेटवायला वेळ नव्हता, म्हणून म्हटलं, क्लबातच उरकावं. माझा धाकटा भाऊ ओमुरजाक आदल्या वर्षी ह्याच स्पर्धेच्या दिवशी गेला होता.

तो कसा गेला हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचा खेळ दुराक, म्हणजे खुळा. ह्या खेळात कुणी जिंकत नाही, एकजण हरतो फक्त. समोरच्याचा पत्ता मोठ्या पत्त्याने मारायचा, नाही जमलं तर मुकाट उचलायचा. मारलेले पत्ते पालथे बाजूला पडतात, त्यांना पुन्हा कुणी हात लावायचा नाही. शेवटी ज्याच्या हातात पत्ते उरतात तो खुळा, आणि पुढचा डाव वाटायचं काम त्या खुळ्याचं. फार मस्ती करायची असेल तर त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक छक्की, म्हणजे गड्डीतला सगळ्यात हलका पत्ता, ठेवतात, फौजदाराच्या बिल्ल्यांसारखी.

ओमुरजाकला हरवलं ते जुमाकादिरने. हा एके काळचा डेपोतला मुकादम. हातातला नकोसा पत्ता पालथ्या ढिगात सरकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ओमुरजाकने ते पाहिलं, तो बोललाही. जुमाकादिर हसत म्हणाला, "हात पकडलास का? नाही ना? मग गप." त्याने आधी भावाचा फोटो काढायला लावला, मग त्याच्या खांद्यांवर छक्क्या ठेवल्या. ओमुरजाकने आयुष्यात कधी एक पत्ता लपवला नव्हता. तो वाऱ्यात बाहेर पडला आणि स्टेशनच्या पायऱ्यांवर बसला. तिथेच त्याचं हृदय थांबलं.

आणि तो फोटो? क्लबाच्या भिंतीवर वर्षाच्या खुळ्याचा फोटो लागतो. खांद्यांवर खऱ्या छक्क्या टाचणीने टोचलेल्या. मी हातापाया पडले, मेलेल्या माणसाचा फोटो उतरवा म्हटलं. जुमाकादिर म्हणाला, "नियम म्हणजे नियम. पुढच्या अंतिम डावात कुणी खुळा झाला की उतरेल." वर्षभर येणारा-जाणारा माझ्या भावाला हसत होता. तो फोटो उतरवायचा, एवढ्यासाठी मी स्पर्धेत नाव घातलं होतं.

तर मी पहिला तुकडा हातात धरून उभी होते. तेवढ्यात दारातून जुमाकादिरचा आवाज आला.

"वा! खुळ्याची बहीण तळायला बसली वाटतं. आत्ताच तुझ्या भावाला सलाम ठोकून आलो, एजे."

एजे म्हणजे ताई, आणि तीही असल्या तोंडून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर आलेलं नाव रागाने तिथेच गिळलं गेलं. मी तुकडा तेलात टाकला आणि एवढंच म्हटलं, "ये. आणि ह्याच्याकडे तूच बघ." तेल असं फसफसलं की मी मागे सरले.

दिवसभर डाव चालले. मी एकेकाला घरी पाठवत गेले. राग असा असतो, तो पत्ते लक्षात ठेवतो. संध्याकाळी अंतिम डावाला मी आणि जुमाकादिर उरलो. बाकीचे वारा वाढायच्या आत पळाले होते, बघायला क्लावामावशी तेवढी राहिली. तिने पत्त्यांची नवी जोडी फोडून टेबलावर ठेवली.

"अंतिम डाव वाटायचा मान गेल्या वर्षीच्या खुळ्याचा," जुमाकादिर खुर्चीत रेलत म्हणाला. "बोलाव की तुझ्या भावाला."

"तोंड सांभाळ."

"अगं, नियमच सांगतोय. मी कुठे..."

दिवे गेले. उलान सुटला की आमच्याकडे तारा तुटतातच, त्यात नवल नाही. क्लावामावशी चाचपडत कंदील आणायला गेली. खिडक्यांवर वाळू आणि बर्फ एकदमच आपटत होतं. मग त्या आवाजाच्या आत मला दुसरा आवाज ऐकू आला. पत्ते पिसल्याचा. सावकाश, नीट. नंतर टेबलावर एकेक पत्ता पडल्याचा. एक इकडे... एक तिकडे...

मी मनात म्हटलं, ह्या चोराला अंधारातसुद्धा दम निघत नाही. मग नाकात वास शिरला, तापल्या तेलाचा. चूल दुपारीच विझली होती, कढई मी स्वतः घासून पालथी घातली होती.

कंदील आला. पत्ते वाटलेले होते. माझ्यापुढे माझा हात, त्याच्यापुढे त्याचा, मधे गड्डी आणि तिच्याखाली आडवा काढलेला हुकूम, इस्पिकचा.

"घाई झाली काय गं?" तो म्हणाला.

"मी हात लावलेला नाही."

"मग मी लावला?" तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यालाही वास आला असावा. क्लावामावशीने छातीवर क्रूस काढला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

आम्ही खेळलो. दुसरं काय करणार? मला फोटो उतरवायचा होता, त्याला बाईपुढून उठून जायचं नव्हतं. गड्डी संपत आली तशी त्याची करंगळी हलायला लागली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी पाहिलं, त्याने एक पत्ता पालथ्या ढिगात सरकवला. मी हात पकडणार, तेवढ्यात त्याचाच चेहरा उतरला. तो आपल्या हातातले पत्ते पुन्हा मोजत होता, जणू एकही कमी झाला नव्हता. थोड्या वेळाने त्याने आणखी एक सरकवला. पुन्हा तोच चेहरा.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही... खेळ."

कपाळावर घाम, आणि खोलीत तर श्वासाची वाफ दिसत होती. मला दया आली नाही. मला आनंद झाला, तो का लपवू?

शेवटी तो थांबला. त्याच्या हातात दोन पत्ते होते. त्याने ते कंदिलाजवळ नेले.

"हे माझे नाहीत," तो पुटपुटला. "माझ्याकडे एक्का होता... एजे, हे माझे नाहीत."

त्या दोन छक्क्या होत्या. इस्पिकची आणि चौकटची. कडा पिवळ्या पडलेल्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध टाचणीचं भोक.

मी भिंतीकडे पाहिलं. फोटोत ओमुरजाकचे खांदे मोकळे होते. टाचण्या तशाच होत्या.

"तुझे पत्ते कुठायत?" त्याने विचारलं.

मी हात उघडून दाखवले. रिकामे होते.

"झालास खुळा," मी म्हटलं. वर्षभर हे वाक्य मी उशीत तोंड खुपसून म्हटलं होतं. जुमाकादिर टोपी टेबलावरच टाकून बाहेर पडला. क्लावामावशीने फोटो उतरवून माझ्या हातात दिला.

आता भिंतीवर जुमाकादिरचा फोटो आहे. भाऊ माझ्या घरी आहे, चुलीच्या वरच्या भिंतीवर.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण परवा जुमाकादिरची बायको आनारकुल आली. दारातच उभी राहिली, आत येईना.

"एजे, एक मागणं आहे," ती म्हणाली. "गुरुवारी तेल तापवू नका."

"का म्हणून?"

"वास आमच्या घरी येतो. वास आला की हे उठतात आणि पत्ते वाटायला बसतात. खुळ्यानेच वाटायचे म्हणतात. आपल्यापुढे वाटतात, समोर कुणी नसतं तिथेही वाटतात. स्वतःच्या पत्त्यांना हात लावत नाहीत, नुसते समोर बघत बसतात." तिचा आवाज खाली गेला. "समोरचे पत्ते कमी होत जातात, एजे. दर वेळी हेच हरतात... केवढे वाळलेत बघा येऊन."

"माझा भाऊ पायऱ्यांवर बसला होता, तेव्हा तुझा नवरा आत चहा पीत होता. तेव्हा कुणी आलं होतं का बघायला? मी तेल तापवणार."

ती दारातूनच परत गेली. आणि आज गुरुवार, म्हणून मी कढई चढवली.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. क्लावामावशीलाही नाही. त्या डावात माझा हात रिकामा नव्हता. बदामाची राणी उरली होती आणि उतारी त्याची होती. त्याने आधी हुकमाची छक्की टाकली असती तर ती मला उचलावी लागली असती, मग दुसरी टाकून तो सुटला असता. खुळी मीच ठरणार होते. त्याने विचारलं म्हणून मी हात उघडले, तर राणी नव्हती. नंतर पत्ते गोळा करताना ती सापडली. पालथ्या ढिगात, अगदी तळाशी.

मी ती तिथे टाकली नव्हती. माझा हात पकडायचा म्हटलं असतं, तर पकडायला काही नव्हतंच.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण मेल्यावर नवी खोड लागते, असं कुणी ऐकलंय का? माझ्या ओमुरजाकने कधी एक पत्ता लपवला नाही.

तेल तापलंय. पहिला तुकडा हातात आहे आणि नाव घ्यायला मी तोंड उघडलंय. त्या दिवशी मी नुसतं 'ये' म्हटलं होतं. कुणाला, ते सांगितलं नव्हतं. आता भावाचं नाव घेतलं, तर जे आलंय ते जाईल, की त्याला ते नाव मिळेल?

तुकडा अजून माझ्या हातात आहे. कढईतलं तेल मात्र फसफसायला लागलंय.