ओळ देणारा

ही गोष्ट खरी आहे. मी चर्चच्या माडीवर होते. मी ऐकलंय.

लोकांना भूत म्हटलं की रात्र हवी असते. ही रात्रीची गोष्ट नाही. केंटकीतलं हॅरोज लँडिंग, नदीकाठचं आमचं चर्च, ऑक्टोबर १८५६ मधला रविवार. सकाळ. खिडक्यांतून ऊन आत आलेलं. सगळ्यांचे चेहरे स्पष्ट दिसत होते.

म्हणूनच मला ते विसरता येत नाही.

अँब्रोज माझा मामा. मी आणि डॉर्कस मामी टॉलिव्हरसाहेबांच्या मालकीच्या गुलाम. मामा मात्र कोणा एका माणसाचा नव्हता. एका म्हाताऱ्या बाईनं मरताना तो चर्चला देऊन टाकला होता, बाकांसारखा. तो झाडायचा, शेगडी पेटवायचा, कबरी खणायचा.

आणि ओळ द्यायचा.

गाण्याची पुस्तकं फार थोड्यांकडे. वाचता येणारेही थोडे. म्हणून मामा आधी एक ओळ म्हणायचा, मग सगळं चर्च ती उचलायचं. गोरे खाली, आम्ही माडीवर. लहानपणापासून इतकी सवय की मामाची ओळ कानावर पडली की तोंड आपोआप उघडायचं.

त्या उन्हाळ्यात चर्च फुटलं.

चर्चचे एक पुढारी व्हीलॉकसाहेब म्हणाले, गुलामगिरी पाप आहे. टॉलिव्हरसाहेब म्हणाले, बायबलमध्ये आहे ते पाप कसं? अर्धे लोक उत्तरेच्या चर्चबरोबर गेले, अर्धे दक्षिणेच्या. इमारत कोणीच सोडेना. शेवटी मधोमध फळ्या ठोकल्या, जमिनीपासून माडीच्या कठड्यापर्यंत. दोन दारं, दोन पाद्री. माडीवरून आम्हाला दोन्हीकडची डोकी दिसायची.

राहिला मामा.

"उजवा हात व्हीलॉकसाहेबांचा, डावा टॉलिव्हरसाहेबांचा," मामा म्हणायचा. "पाठीला खाज सुटली तर अर्ज कुणाकडे करू?"

"जीभ कुणाच्या वाट्याला गेली ते विचार," मामी म्हणायची. "ती घेणाऱ्याची कीव येते मला."

ती हसायची. पण एके दिवशी अंडी पोचवायच्या निमित्तानं ती मला घेऊन व्हीलॉकसाहेबांच्या मागच्या दाराशी गेली.

"साहेब, तुम्ही पाप म्हणता. मग तुमचा अर्धा सोडा."

"डॉर्कस, तुला कायदा कळत नाही."

"नाही कळत. म्हणून तर विचारते."

"त्याच्यावरचा हक्क सोडला, तर कोर्ट म्हणेल इमारतीवरचाही सोडला. मग सगळं टॉलिव्हरच्या घशात जाईल. थोडं थांब. मोठ्या कामात कुणाला तरी सोसावं लागतं."

मामीनं अंड्यांची टोपली खाली ठेवली. "कुणाला तरी म्हणजे आम्हालाच, असं म्हणा ना साहेब. ऐकायला सोपं जातं."

त्यांनी टोपली उचलून आत नेली. वाईट माणूस नव्हता. तेच वाईट होतं.

भांडण कोर्टात गेलं. कोर्टानं सांगितलं, मामाला विका आणि पैसे वाटून घ्या.

शनिवारी दुपारी मामाला नेलं. मामी तेव्हा टॉलिव्हरांच्या धोबीघरात होती. कोणीतरी येऊन सांगितलं. ती ओल्या हातांनी धावत सुटली. धक्क्यावर पोचली तेव्हा बोट वळणापलीकडे गेली होती. नुसता धूर दिसत होता.

दक्षिणेला विकला गेलेला माणूस परत येत नसतो.

दुसऱ्या दिवशी रविवार.

शेगडी कोणी पेटवलेली नव्हती. दोन्हीकडे प्रार्थना एकदमच सुरू झाल्या. दोन्ही पाद्री मोठमोठ्यानं बोलत होते, एकमेकांना बुडवायला. मग दोघेही दमले...

शांतता.

आणि...

*जागा झाली आहे, भाऊ, जागा झाली आहे.*

मामाचा आवाज.

हे कबरीशी म्हणायचं गाणं. शवपेटी खाली सोडताना म्हणतात. चर्चमध्ये कधीच नाही.

पण सवय. चर्चनं ओळ उचलली.

*जागा झाली आहे, भाऊ, जागा झाली आहे.*

फळ्यांच्या दोन्ही बाजूंनी. फुटल्यापासून पहिल्यांदाच, एका सुरात. गाता गाता लोकांच्या लक्षात येत गेलं. खालचे चेहरे पांढरे पडत गेले. तोंडं मात्र थांबेनात.

माझंही तोंड उघडलं होतं. मामीनं त्यावर हात दाबला. हाताला साबणाचा वास होता.

"गाऊ नकोस," ती कानात म्हणाली. "मेलेल्याचा आवाज येतो. तो मेलेला नाही. ओळ उचलायची नाही, टेंपी."

*खोल आहे, थंड आहे...*

डावीकडून: "तुम्ही लपवलाय त्याला!"

उजवीकडून: "तुम्ही लपवलाय! पैसे घेऊन वर माणूसही ठेवलात?"

*...खोल आहे, थंड आहे, पण जागा झाली आहे.*

मी माडीवर पाहिलं. आमच्यातल्या कुणाचेच ओठ हलत नव्हते. खाली पाहिलं. मामा ओळ द्यायला उभा राहायचा तिथे आता फळ्या होत्या. आवाज तिथूनच येत होता. फळ्यांच्या जाडीतून.

टॉलिव्हरांच्या पुतण्यानं पहिली फळी उपटली. पलीकडून व्हीलॉकांचा मुलगा जोसाया उपटायला लागला.

आत कोणी नव्हतं. असणार कसं? हाताच्या पंजाएवढी जागाही नव्हती.

आता मध्ये काहीच राहिलं नाही. दोन्हीकडचे लोक समोरासमोर. हातात खिळे लागलेल्या फळ्या.

पहिला फटका कुणी मारला यावर अजून भांडण आहे. जोसाया एकोणीस वर्षांचा होता. तो बाकाच्या कडेवर पडला आणि उठला नाही.

तेव्हा आवाज पुन्हा आला. शांत, नेहमीसारखा.

*अजून जागा आहे, भाऊ...*

ही ओळ त्या गाण्यात नाही.

चर्चला कुलूप लागलं. रविवारी रस्त्यानं जाणारे झपझप पावलं उचलायचे. बंद दारातून ती एकच ओळ यायची. पुढे कॅन्ससमधून गुलामगिरीच्या भांडणात माणसं मारल्याच्या बातम्या आल्या. मग युद्ध. त्या बाकांवर बसणारी पोरं काही उत्तरेचे निळे कोट घालून गेली, काही दक्षिणेचे करडे. टॉलिव्हरांचा पुतण्याही गेला. किती परत आली विचारू नका.

मामी म्हणायची, "ते काहीही गाऊ दे. माझा माणूस जिवंत आहे."

युद्ध संपलं. आम्ही मोकळे झालो. मामी प्रत्येक बोटीवर जायची. दक्षिणेतून आलेल्या प्रत्येकाला विचारायची. अँब्रोज, उंच, डाव्या भुवईवर व्रण.

तिसऱ्या वर्षी गिडियन नावाचा माणूस भेटला. लुईझियानात उसाच्या मळ्यावर तो मामाबरोबर एकाच खोपटात राहिला होता.

"युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात गेला बिचारा. तापानं."

मामी खाली बसली. रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जवळजवळ हसू होतं.

"म्हणजे तेव्हा जिवंत होता. मी सांगत होते ना? जिवंत होता." मग गिडियनला म्हणाली, "तुम्हाला तर त्रासच झाला असेल. दिवसभर गायचा, दिवसभर बडबड."

गिडियन तिच्याकडे बघत राहिला.

"बाई, आपण एकाच माणसाबद्दल बोलतोय ना?"

"भुवईवर व्रण."

"डाव्या. हो." तो अवघडला. "पण तो मुका होता. बोटीतून उतरला तेव्हापासूनच. फटके मारले तरी तोंडातून हुं निघत नव्हतं. आम्हाला वाटलं, जन्मापासूनचा असेल."

मामी उठून चालू लागली. घरी येताना चर्चजवळ थांबली. रविवार होता. आत ओळ चालू होती.

ती दाराला कान लावून उभी राहिली. मग मला म्हणाली, "टेंपी, मी ठरवलं होतं, वर गेले की गर्दीत त्याला शोधत बसायचं नाही. सरळ हाक मारायची."

तिनं बंद दारावर तळहात टेकवला.

"आता तो ओ कशी देणार?"

मामीला जाऊन वीस वर्षं झाली. रविवारी मी अजून त्या दाराशी थांबते, पण ओळ उचलत नाही.