चहापुरता सुसंगत

[ स्मृती … उत्तर मिळालं ]
[ घड्याळ … उत्तर मिळालं ]
[ श्वास-संवेदक … उत्तर नाही ]

"पुन्हा चालव," डॉ. केतकी सरंजामे म्हणाल्या.

रऊफ शिकलगारने पुन्हा चालवलं. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्रयोगशाळेत तपासणी अशीच व्हायची. नापास झाली की लगेच पुन्हा. पास झाली की सगळे उठून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर.

टेबलावर काचपेटी होती. पेटीत कोमट पोषणद्रव, आणि त्यात जैवपट. साध्या संगणकात मदरबोर्ड असतो. बाकीचे सगळे भाग त्याच्यावर बसतात आणि त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलतात. जैवपट हे काम करायचा, पण तो कारखान्यात घडवलेला नव्हता. तो वाढवलेला होता. तांब्याच्या रेषांच्या जागी चेतापेशींचे धागे.

ज्या सर्व्हरला पट जोडला होता, त्याच्या लिनक्स या कार्यप्रणालीला त्याचं काही नव्हतं. सर्व्हर सुरू होताना लिनक्सचा गाभा प्रत्येक भागाला विचारतो: तू कोण, काय करतोस? ठरलेल्या वेळेत ठरलेल्या साच्यात उत्तर आलं की पट सुसंगत. समोर धातू आहे की पेशी, हे तो विचारत नाही.

[ श्वास-संवेदक … उत्तर मिळालं ]
[ सुसंगत ]

"चला," केतकी म्हणाल्या. "आज पैसे तू देणार."

"मॅडम, आज मी थांबतो," रऊफ म्हणाला. "नसीमचा फोन येणारे."

*

नसीम त्याची धाकटी बहीण. मिरजेच्या एका इस्पितळात, दिवस भरायच्या खूप आधी, तिला मुलगी झाली होती. मुठीत मावेल एवढी.

"भाई, सकाळी परत थांबला श्वास," नसीम म्हणाली. "सिस्टरनी पायाला टिचकी मारली, तेव्हा रडली. रोज कोण मारत बसणार टिचक्या? तुझं ते यंत्र कुठवर आलं?"

"आत्ताच पास झालं."

"मग आण की! का मुहूर्त काढतोयस?"

श्वास थांबल्यावर भोंगा वाजवणारी यंत्रं इस्पितळात होती. जैवपट त्याच्या आधीच सांगायचा. श्वास थांबण्याआधी छातीच्या हालचालीत काहीतरी बदलतं. साध्या सर्व्हरला ते सापडत नव्हतं, पेशींना सापडत होतं. पटाने इशारा दिला की पाळण्यातली गादी हलकेच थरथरते, आणि बाळ श्वास घेत राहतं.

फोन ठेवल्यावर रऊफने सहज म्हणून कृत्रिम बाळ जोडलं. रबराची छाती, आत भाता. भाता मंदावू लागला.

पटाने कळवलं: सर्व ठीक.

भाता थांबला.

सर्व ठीक.

*

"तपासणीत चूक असेल," केतकी म्हणाल्या. त्यांच्या ओठावर अजून साय होती.

"तपासणी चालू असताना हेच बाळ जोडलं, मॅडम. भाता थांबायच्या आधी इशारा दिला. तपासणी संपली की हा जुनेच आकडे पाठवत बसतो. मग थोड्या वेळाने आपोआप ताळ्यावर येतो."

"किती वेळाने?"

"तुम्ही टपरीवरून परत याल, इतक्या वेळाने."

केतकी खुर्चीत बसल्या.

"रऊफ, हा पट शिकतो. म्हणून तर आपण तो वाढवला. बरोबर?"

"बरोबर."

"उत्तर चुकलं की आपण काय करतो?"

"वीज तोडतो, पुन्हा चालवतो."

"आणि बरोबर आलं की?"

टेबलावर केतकींचा कागदी कप होता. तो रऊफने उचलला आणि कचऱ्यात टाकला.

"महिनोन्‌महिने," केतकी म्हणाल्या. "बरोबर उत्तर, मग निवांतपणा. याला लिनक्सशी काही देणंघेणं नाही. तपासणी कशी संपवायची, तेवढं हा शिकला. आपण याला चहाची सुट्टी शिकवली."

"पुसून टाकता येईल?"

"शिकलेलं पुसायचं तर धागेच तोडावे लागतील. मग नवा वाढवायचा. त्यात पाऊस संपेल."

"तोवर ती मुलगी…" रऊफ म्हणाला.

*

[ स्मृती … उत्तर मिळालं ]
[ घड्याळ … उत्तर मिळालं ]
[ स्मृती … उत्तर मिळालं ]
[ घड्याळ …

युक्ती रऊफची होती. तपासणीला शेवटची पायरीच ठेवायची नाही. शेवट आला की पुन्हा पहिला प्रश्न. तपासणी चालू असेपर्यंत पट नीट वागतो ना? मग ती चालूच राहू दे. मागे तपासणी, पुढे बाळं.

"आणि प्रमाणपत्र?" केतकींनी विचारलं. "ते तपासणी संपल्यावर मिळतं."

"संपली की पट झोपणार."

"म्हणजे हा पात्र आहे, फक्त तसं कधीच लिहून देता येणार नाही."

"चाचणीवर पाठवा, मॅडम. वॉर्डच प्रयोगशाळा समजा. जुने भोंगे राहू देत तसेच. मी तिथे बसतो."

केतकींनी इस्पितळाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, चहासकट. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पाळण्यांतल्या मुलांच्या आईबापांना विचारलं. सगळ्यांनी होकार दिला. नसीमने सगळ्यात आधी.

*

पेटी मिरजेच्या वॉर्डात आली, आणि काही दिवस सगळं सुरळीत चाललं. गादी थरथरायची, बाळ श्वास घ्यायचं. सिस्टर फिलोमिना पेटीजवळून जाताना म्हणायच्या, "काय रे, जागा आहेस ना?"

मग इशारे उशिरा येऊ लागले. आधी नेमके श्वास थांबताना. मग भोंग्याच्या बरोबरीने. एकदा तर भोंग्याच्याही नंतर.

रऊफने फोन लावला. "मॅडम, तपासणी अखंड चालू आहे. तरी हा ढेपाळतोय."

केतकी म्हणाल्या, "मूर्ख आहोत आपण. तो नीट का वागत होता? पुढे काहीतरी मिळणार म्हणून. तू ते मिळणंच बंद केलंस. बक्षीस येत नाही म्हटल्यावर शिकलेलं विरतं. कुत्र्याचं विरतं, माणसाचं विरतं."

"मग?"

"त्याला चहा पाज."

*

सिस्टर फिलोमिनांनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे हा सुट्टीवर जाणार, आणि त्याचं काम आपण करायचं?"

"हो सिस्टर. दुपारी एकदा. पहाटे एकदा."

"आम्हाला नाही मिळत अशी."

"त्याला मिळाली नाही तर तो काम करत नाही."

"हुशार आहे," सिस्टर म्हणाल्या.

दुपारी त्यांनी प्रत्येक पाळण्यापाशी एकेक माणूस उभा केला. मुलांच्या आया, दोन बाप, एक आजोबा. कसं करायचं ते दाखवलं: नजर छातीवर, बोट तळव्यापाशी. छाती थांबली की टिचकी. बोलायचं नाही, फोन बघायचा नाही.

"भाई, मी काय म्हटलं होतं?" नसीम हळूच म्हणाली. "टिचक्या मारत बसायचं. आता यंत्र आलं तरी तेच."

"आता दिवसातून दोनदाच."

"बाकी वेळ तो आमच्यासाठी जागतो?"

"जागतो. त्या दोन सुट्ट्यांसाठी."

नसीमने हात धुतले. काचेच्या पाळण्याच्या खिडकीतून हात आत घालून मुलीच्या तळव्याखाली बोट धरलं. रऊफने कळफलकावरची तपासणी संपवणारी कळ दाबली.

[ सुसंगत ]

पेटीतल्या द्रवातून बारीक बुडबुडे वर आले. सगळे आकडे होते तिथेच थांबले. सर्व ठीक. सर्व ठीक. आता त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

दारात कँटीनचा माणूस किटली घेऊन आला. सिस्टरनी मान न वळवताच हाताने त्याला थांबवलं.

नसीमच्या मुलीची छाती वर गेली. खाली आली. वर गेली. खाली आली.

तिथेच राहिली.

नसीमने टिचकी मारली.

चेहरा आक्रसला, तोंड उघडलं, आणि एवढ्याशा छातीतून बारीक, रागीट आवाज निघाला. आजोबा दचकले, पण त्यांनी नजर हलवली नाही.

थोड्या वेळाने पडद्यावरचे आकडे आपोआप हलू लागले. रऊफने पहिला प्रश्न विचारला, आणि पेटीतून नेमक्या वेळेत उत्तर आलं. बोटं एकेक करून पाळण्यांबाहेर आली.

किटलीतला चहा तोवर गार झाला होता.

[ स्मृती … उत्तर मिळालं ]
[ घड्याळ … उत्तर मिळालं ]
[ श्वास-संवेदक … उत्तर मिळालं ]
[ तपासणी … चालू