धरलेला अंगठा

तळवड्याच्या आमच्या दवाखान्यात मेंदूची तपासणी होते, पण सुई नाही, टाका नाही. डोक्याला चुंबकाची कॉइल टेकवायची. धक्का दिला की हाताचा अंगठा उडतो. त्याच्या किंचित आधी एक हलका धक्का दिला, तर मेंदू लगाम खेचतो आणि अंगठा कमी उडतो. तो लगाम किती घट्ट, ते मी मोजते. हे माप मोठं लहरी. म्हणून डॉक्टर म्हणतात, दोनदा जुळलं तरच रिपोर्ट.

खुर्चीत बसला की माणूस कळतो. जेवढी मिशी मोठी, तेवढे डोळे लवकर मिटतात. रंगराव मात्र स्वतःच्या उजव्या मनगटाकडे बघत बसले.

चाकणच्या एका कंपनीत ते पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. हात कामात मध्येच थबकायला लागला, म्हणून झाडलोटीला लावलं. रिपोर्ट चांगला आला तर प्रेस, नाहीतर घरी. घाई त्यांच्या बायकोला, कस्तुराबाईंना, जास्त. नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याच देत होत्या.

दोन धक्क्यांना अंगठा कमी उडाला. ठीक. मग एकच धक्का दिला. तरी कमीच उडाला. लगाम खेचणारा धक्का नव्हताच, आणि लगाम खेचलेला होता. यंत्र बिघडलं असेल म्हणून कॉइल माझ्या डोक्याला लावली. माझा अंगठा टुणकन उडाला.

"चिमाजी धरतोय," रंगराव हळूच म्हणाले.

कस्तुराबाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. बाहेर आल्यावर मला सांगितलं. चिमाजी शेजारचा ऑपरेटर. यांचा हात चुकून साच्याखाली गेला की तो झटकन मनगट पकडायचा. दिवाळीत गावी वारला.

"जित्तेपणी हात वाचवला, अन् आता पोटावर उठलाय," त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला अंगठा छान उडाला. चहा पाजून पुन्हा मोजलं. जुळलं. डॉक्टर रिपोर्टवर सही करून निघून गेले. कस्तुराबाईंनी तिथूनच सुपरवायझरला फोन लावला. दुपारच्या पाळीलाच प्रेसवर या, म्हणाला.

रंगरावांना मात्र आनंद दिसेना. ते खुर्चीमागे, पडद्याआड बघत होते. काय हरवलं, मी विचारलं.

"घरनं निघताना तर संगं होता, ताई."

मी हसले. लोक इथं चष्मे विसरतात, डबे विसरतात.

ते गेल्यावर यंत्र तपासायला कॉइल पुन्हा स्वतःला लावली. एकच धक्का दिला.

अंगठा हलला नाही.

ताकद वाढवली. पापणी फडफडली. अंगठा हलला नाही.

म्हणजे रंगराव एकटेच गेले होते.

त्यांना प्रेसवर जाऊ देऊ नका, हे सांगायला मी मोबाईलवर कस्तुराबाईंचा नंबर काढला. अंगठा काचेपर्यंत गेला आणि केसभर वर थांबला. डाव्या हातानं करून पाहिलं. तोही थांबला.

दोन्ही मनगटांभोवती पकड होती. घाईची नव्हती. सवयीची होती.

दुपारच्या पाळीच्या बस रस्त्यावरून गेल्या. मी तशीच बसून राहिले.

पाळी सुरू होऊन थोडा वेळ झाला, मग मोबाईल वाजला. कस्तुराबाईंचं नाव आलं.

तेव्हा कुठे पकड सैल झाली.