बदल झाला की कळवा

"आधी हात धुवा! आणि डोक्याला टोपी घातल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकायचं नाही!"

मागच्या दारानं कुणी आत शिरलं की मी आधी ओरडते आणि मग बघते. फ्रिज दुरुस्त करणारा यायचा होता, मला वाटलं तोच. तो बिचारा मुकाट्यानं मागे सरला. हात धुतले, अगदी कोपरापर्यंत. टोपी घातली. मग पिशवीतून थर्मामीटर काढला आणि खुशाल माझ्या सुपात बुडवला!

"अहो! फ्रिज तिकडे आहे!"

"मी फ्रिजवाला नाही," तो हसला. "तुमच्या मावशींनी बोलावलंय, अन्नसुरक्षेचं धोरण तपासायला."

हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली. आता एवढ्याशा खळीनं काय होतंय... पण झालं खरं!

मावशीचं हॉटेल लहानसं. वर पाहुण्यांच्या खोल्या, खाली जेवणघर आणि मागे स्वयंपाकघर. तिथे मात्र माझं राज्य. धोरण, म्हणजे स्वयंपाकघराचे लेखी नियम, होतं हो आमच्याकडे, चांगलं काचेत बसवून भिंतीवर टांगलेलं. तो ओठ दाबून वाचू लागला.

"जबाबदार व्यक्ती, आचारीकाका. कुठायत ते?"

"नातवंडं सांभाळतायत. केव्हाच काम सोडलं त्यांनी."

"आणि फ्रिज नंबर दोन?"

"त्यात... माळीबुवा कुदळ ठेवतात."

आता मात्र तो खो खो हसत सुटला. मला खरं तर राग यायला हवा होता. पण मीही हसले, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग दोघांनी ओट्याशी बसून सगळं नव्यानं लिहून काढलं.

"हे एकदा लिहिलं आणि टांगलं, असं नसतं," तो म्हणाला. "पदार्थ बदलला, माल देणारा बदलला, कामाला नवीन माणूस आलं, की हेही बदलायचं. बदल झाला की कळवा. मी येईन."

मी येईन! माझ्या कानात तेवढंच राहिलं.

मग काय विचारता! मी सूप बदललं. पाववाला बदलला. चांगला चाललेला ओव्हन या भिंतीपासून त्या भिंतीला नेला. दर वेळी तो यायचा, थर्मामीटर खुपसायचा, डोळे मिटून चव घ्यायचा आणि एक डोळा हळूच उघडून माझ्याकडे बघायचा.

"इतके बदल तर हवेतसुद्धा होत नाहीत गं!" मावशी म्हणाली. "पाहुण्यांसाठी रांधतेस, का थर्मामीटररावांसाठी?"

"काहीतरीच काय, मावशी!" मी म्हटलं खरं, पण कान तापले होते.

आणि मग मी सॅलडच्या सॉसमध्ये अक्रोड वाटून घातले.

"छान झालंय," त्यानं चमचा खाली ठेवला. "अक्रोड ना? वाढणाऱ्यांना सांगितलंत?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. टेबलांवर कशात काय घातलंय ते सांगणारी जुनीच कार्डं होती आणि बाहेर पाहुणे जेवायला बसले होते.

"एखाद्याला अक्रोडाची अ‍ॅलर्जी असेल तर?" आता ती खळी कुठेच नव्हती.

मी धावतच सुटले. सॉसच्या वाट्या नुकत्याच टेबलांवर गेल्या होत्या. सगळ्या उचलून आणल्या, कुणी चमचा लावला नव्हता. परत आले तर तो पिशवी आवरत होता.

"पुढच्या वेळी मी येणार नाही," तो दाराशी थबकला. "आमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या बाई येतील."

संपलं! असा राग आला स्वतःचा! त्याला बघायच्या नादात मी पाहुण्यांच्या जिवाशी खेळले होते. मी सगळ्यांना जमवलं, नवी कार्डं केली. धोरणात पहिलीच ओळ घातली, आधी कार्ड बदलेल, मग ताट बाहेर जाईल. त्या बाई आल्या, सगळं बघून "उत्तम" म्हणाल्या. मी नुसतं कोरडं "थँक्यू" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आत डोकावली. "खिडकीजवळच्या पाहुण्याला अक्रोडाचं सॅलड हवंय. म्हणतोय, आचारीणबाईंना विचारून द्या."

बाहेर जाऊन बघते तर काय... तो! पिशवी नाही, थर्मामीटर नाही. चक्क इस्त्रीचा शर्ट.

"रागावलात म्हणून दुसऱ्यांना पाठवलंत ना?" मी फुरंगटून विचारलं.

"रागावलो होतो. पण त्या येणार हे त्याच्या आधीच ठरलं होतं. मीच ऑफिसात सांगितलं होतं."

"का?"

"नियम आहे आमच्यात. तपासणारा त्या घरचा असून चालत नाही."

"मग? तुम्ही कुठे आमच्या घरचे आहात?"

तो हातरुमालाशी चाळा करत राहिला. "अजून... नाही."

माझ्या हातातला वाढायचा चमचा खणकन खाली पडला. वाकून उचलायच्या निमित्तानं मी जरा श्वास घेतला आणि वर आले तेव्हा त्याची खळी अगदी समोर होती.

"ऐका," मी म्हटलं. "बदल झाला की कळवा, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"हो."

"झालाय. कळवतेय."

"अगं ए," आतून मावशी ओरडली, "सूप उतू चाललंय! आणि थर्मामीटरराव, आता आत या. पण आधी हात धुवा!"